बुखारा गालिचा: ठेवावा की परत करावा?

निवांत दुपार
मंडळी, मदत हवी आहे आणि जरा लवकर हवी आहे.

नव्या घराच्या हॉलसाठी गालिचा शोधत होतो. पुण्यात एक प्रदर्शन लागलं होतं, तिथे एक मनात भरला. चार बाय सहा फूट, गर्द लाल, त्यावर ओळीनं अष्टकोनी नक्षी. विक्रेता म्हणाला, "अस्सल बुखारा, तुर्कमान टोळ्यांचं काम, ऐंशी वर्षं जुना, सगळे रंग झाडपाल्याचे." किंमत एक लाख चाळीस हजार. आम्ही पाठ फिरवली तर नव्वदवर आला. थोडी रक्कम देऊन घरी आणलाय. रविवारपर्यंत पसंत पडला नाही तर परत घेणार आहे.

नवरा म्हणतो घेऊन टाक. सासूबाई त्याला वळसा घालून देवघरात जातात, एवढ्या पैशांवर पाय कसा ठेवायचा म्हणे. मला आवडलाय, पण नव्वद हजार म्हणजे थोडे नाहीत. तुर्कमान म्हणजे नक्की कोण? हा त्यांचाच आहे हे कसं ओळखायचं? आणि किंमत बरोबर आहे का?

मिरचीभजी
इथे रुमाल टाकून ठेवतो. गालिचा परवडत नाही.

ताठ कणा
जमिनीवर अंथरायला नव्वद हजार? सोलापूरची चांगली सतरंजी घ्या, उरलेल्या पैशांत युरोप नाही तरी केरळ होईल. त्यात पावसाळ्यात पुण्यात लोकरीचं काही ठेवणं म्हणजे कसरीला आमंत्रण. माझं मत विचारलंत म्हणून सांगितलं.

मिरचीभजी
@ताठ कणा, तुमचं मत कोणी विचारलं होतं तो प्रतिसाद दिसत नाहीये.

गंजिफा
ताई, आधी नावाचा गुंता सोडवू.

उझबेकिस्तानातल्या बुखारा शहरात हे गालिचे विणले जात नव्हते, तिथे ते विकले जात. विणणारे तुर्कमान म्हणजे कास्पियन समुद्रापासून अमुदर्या नदीपर्यंत, काराकुम वाळवंटाच्या कडेकडेनं राहणारे लोक. तेक्के, योमुत, एरसारी, सारिक, सालोर, चौदुर या त्यांच्या मोठ्या जमाती. मेंढ्या घरच्या, लोकर घरची, विणणाऱ्या घरच्या बायका. जास्तीचा माल बुखाऱ्याच्या बाजारात यायचा आणि तिथून पुढे जायचा, म्हणून परदेशी व्यापाऱ्यांनी सगळ्यालाच बुखारा म्हणायला सुरुवात केली. मे महिन्यात पुण्यात येणारी आंब्याची प्रत्येक पेटी देवगडची असते, तशातलाच प्रकार.

ती अष्टकोनी नक्षी म्हणजे गुल. जमातीगणिक गुल वेगळा. तुमच्या वर्णनावरून तुमचा तेक्के पद्धतीचा वाटतो: किंचित दबलेला अष्टकोन, आत चार भाग, तिरपे समोरासमोरचे भाग एका रंगाचे, आणि सगळ्या गुलांच्या मधोमध जाणाऱ्या गडद निळ्या उभ्या-आडव्या रेषा. योमुतांचा दिर्नाक गुल समभुज चौकोनासारखा असतो आणि त्याच्या कडांना आकडे असतात. त्यांचा लाल जांभळटाकडे झुकतो. एरसारींचे गुल भलेमोठे, अफगाणिस्तानात त्यांना फिलपाय म्हणजे हत्तीचं पाऊल म्हणतात.

पण नक्षी कोणीही उचलू शकतो, म्हणून ती शेवटी बघायची. आधी गालिचा उलटा करा. टोकाला जी झालर आहे ती वेगळी शिवलेली नसते, तेच उभे धागे, म्हणजे ताणा. ती सुती आहे की लोकरीची? आणि पाठीवर पट्टी ठेवून एका इंचात आडव्या किती गाठी आणि उभ्या किती ते मोजा. मग बोलू.

सुईदोरा
गंजिफा, मस्त. त्यात एक भर. पाठीवर कापड चिकटवलेलं असेल आणि रबरासारखा वास येत असेल तर मोजत बसू नका. ते टफ्टेड काम, बंदुकीसारख्या यंत्रानं लोकर कापडात ठोसतात आणि मागून लॅटेक्स फासतात. त्यात एकही गाठ नसते. काही वर्षांत लॅटेक्सचा भुगा व्हायला लागतो.

निवांत दुपार
कापड नाही, पाठीवर नक्षी स्वच्छ दिसते. झालर पांढरी आहे, सुतीच वाटते. गाठी मुलानं मोबाईलच्या भिंगातून मोजल्या: आडव्या नऊ, उभ्या अठरा. दोनतीन ठिकाणी मोजल्या, तेवढ्याच येतात.

गंजिफा
मग बरंचसं ठरलं. जुन्या तुर्कमान गालिच्यांत ताणा, बाणा म्हणजे आडवे धागे, आणि वरचे केस, तिन्ही लोकरीचे. ज्यांच्याकडे मेंढ्या आहेत ते कापूस विकत कशाला आणतील? पांढरा सुती ताणा म्हणजे काम कारखान्याच्या किंवा ठेकेदाराच्या मागावरचं. आणि नऊ-अठरा ही लाहोर-कराचीच्या गालिचा व्यवसायातली नेहमीची प्रत आहे, व्यापारी तिचा उल्लेखच तसा करतात.

फाळणीनंतर पाकिस्तानात हा धंदा उभा राहिला, आणि साधारण १९६० नंतर तिथून बुखारा नक्षीचे गालिचे प्रचंड संख्येनं युरोप-अमेरिकेत गेले. मऊ लोकर, रासायनिक धुण्यानं आणलेली चकाकी, लालबरोबरच हिरवे, करडे, बदामी रंगही. हाताचंच काम, गाठ न् गाठ हातानं मारलेली. पण ऐंशी वर्षं जुना आणि टोळीवाल्यांचा नाही.

ठाणे लोकल
एक शंका. पाकिस्तानी मालावर २०१९ मध्ये २०० टक्के आयातशुल्क लावलं आणि २०२५ च्या मे महिन्यात आयात पूर्ण बंद केली. मग हा पुण्यात आला कसा?

गंजिफा
चांगला प्रश्न. एकतर जुना माल फिरतोय, नाहीतर तो इकडचाच आहे. उत्तर प्रदेशातल्या भदोही-मिर्झापूर पट्ट्यातही बुखारा नक्षी वर्षानुवर्षं विणतात. फोटोवरून दोन्हींत फरक करणं अवघड आहे, मी छातीठोक सांगणार नाही.

मिरचीभजी
म्हणजे वाराणसीशेजारी विणलेला, लाहोरसारखा दिसणारा, बुखाऱ्याच्या नावाचा, तेक्के नक्षीचा गालिचा पुण्यात सासूबाई ओलांडत नाहीत. याला म्हणतात जागतिकीकरण.

हेरातचा पाहुणा
धागा बघून राहवलं नाही. मी सलमा धरणाच्या कामावर अफगाणिस्तानात हेरात प्रांतात होतो (हरी रुद नदीवरचं, २०१६ मध्ये उद्घाटन झालं ते). सुट्टी मिळाली आणि शहरात जायची परवानगी मिळाली की मी गालिच्यांच्या दुकानात. दुकानदार बरीच वर्षं पेशावरला निर्वासित म्हणून राहिलेला, त्यामुळे हिंदी-उर्दू फर्डी. हिरवा चहा, खडीसाखर, मग एकावर एक गालिचे उलगडायचे. घ्यायलाच पाहिजे असं काही नाही, पण दोन कप चहा झाल्यावर माणूस रिकाम्या हातानं उठत नाही हे त्याला पक्कं ठाऊक.

त्यानंच हसत हसत सांगितलं की नवा गालिचा भर रस्त्यावर पसरायचा, आठवडाभर गाड्या आणि गाढवं वरून जाऊ द्यायची, मग धुवायचा, की झाला वीस वर्षांनी म्हातारा. काही जण चहाच्या पाण्यातही बुडवतात. त्यामुळे जुना दिसतो म्हणजे जुना आहे, हे मनातून काढून टाका.

त्यानं रंग तपासायला ओला पांढरा रुमाल घासून दाखवला होता. रुमाल पांढराच राहिला, म्हणजे रंग झाडाचे. ताई, हे करून बघा.

ॲलिझरिन
@हेरातचा पाहुणा, किस्सा झकास, पण शेवटचा निष्कर्ष मान्य नाही. रुमालाला रंग लागला तर रंग कच्चा आहे एवढं कळतं. नाही लागला तर तो झाडाचा आहे असं अजिबात ठरत नाही. विसाव्या शतकातले क्रोम नावाचे पक्के कृत्रिम रंग घासून घासून रुमाल फाटला तरी सुटत नाहीत.

थोडं रसायनशास्त्र, चालवून घ्या. तुर्कमानांचा लाल येतो मंजिष्ठेच्या मुळांपासून. आपल्या आयुर्वेदातली मंजिष्ठा ती रुबिया कॉर्डिफोलिया, तिकडची तिची चुलत बहीण रुबिया टिंक्टोरम. लोकर आधी तुरटीच्या पाण्यात उकळायची, तुरटीतलं ॲल्युमिनियम रंगाचा रेणू धाग्याला बांधून ठेवतं. त्या मुळातला मुख्य रंगरेणू ॲलिझरिन (हो, म्हणूनच हे टोपणनाव). १८६८ मध्ये ग्रेबे आणि लिबरमान या जर्मन रसायनतज्ज्ञांनी तो प्रयोगशाळेत बनवला, आणि मंजिष्ठेची शेती बघता बघता बसली. गंमत म्हणजे रेणू तोच! मुळातला असो की डांबरातला.

तुर्कमानांकडे आधी जे कृत्रिम रंग पोचले ते मात्र फुक्सिनसारखे स्वस्तातले. ते उन्हात उडतात. गालिच्याचे केस बोटांनी फाकवून बघा. बुडाशी भडक गुलाबी किंवा जांभळा आणि टोकाला मळकट राखाडी, असं दिसलं तर ती कृत्रिम रंगाची खूण. बुडापासून टोकापर्यंत एकच रंग असेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही.

हेरातचा पाहुणा
सर, तुमचं बरोबर असेल, पण तो रुमाल बघताना तुम्हीही पैसे काढले असते. माणूस नाटककार होता.

दख्खनी
तुर्कमान म्हटलं की आपला जवळचा संबंध आहे हे कोणी बोललंच नाही. गोवळकोंड्याची कुतुबशाही तुर्कमानच, सुलतान कुली हा काराकोयुन्लू घराण्यातला. दिल्लीचा तुर्कमान गेट तर सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा हे गालिचे दख्खनच्या दरबारात नक्कीच असणार.

गंजिफा
@दख्खनी, इथे जरा सावकाश. काराकोयुन्लू हे पश्चिम इराण आणि पूर्व अनातोलियातले तुर्कमान, आणि आपण बोलतोय ते मध्य आशियातले तेक्के-योमुत. मूळ ओघुझ तुर्कांशी नातं दोघांचं असलं तरी कित्येक शतकं वाटा वेगळ्या. दिल्लीचा तुर्कमान गेट शाह तुर्कमान या सूफी संताच्या दर्ग्यावरून, त्याचा गालिच्याशी संबंध नाही. "नक्कीच असणार" याला पुरावा लागतो.

दख्खनी
बरं, तो मुद्दा मागे. पण मग तेक्क्यांचा इतिहास तरी नीट येऊ द्या, त्याशिवाय हे गालिचे बाजारात कसे आले ते कळत नाही.

एकोणिसाव्या शतकात रशिया कास्पियनच्या पूर्वेला सरकत होता. १८८१ च्या जानेवारीत जनरल स्कोबेलेवनं गोक-तेपे हा तेक्क्यांचा मातीचा किल्ला सुरुंग लावून फोडला. आतल्या आणि पळणाऱ्या हजारो लोकांची कत्तल झाली, त्यात बायका-मुलंही होती. त्याच सुमारास रशियानं कास्पियनकडून रेल्वे टाकायला घेतली होती. १८८६ मध्ये ती मर्वला पोचली, १८८८ मध्ये समरकंदला. म्हणजे एकीकडे कंगाल झालेली कुटुंबं आणि दुसरीकडे दारात आलेली आगगाडी. लग्नात आलेले, पिढीजात ठेवलेले गालिचे विकायला निघाले. आगगाडीनं परत येताना कृत्रिम रंगांचे डबे आणले. पुढे बोगोल्युबोव नावाचा रशियन गव्हर्नरच या गालिच्यांचा मोठा संग्राहक झाला. आधी लोकांना मोडायचं आणि मग त्यांची कला जपायची, हे साम्राज्यवाल्यांना छान जमतं.

ॲलिझरिन
हा प्रतिसाद आवडला. रंगांच्या डब्यांना तारीख मिळाली.

हॅम्बुर्गवासी
मी हॅम्बुर्गला राहतो. इथल्या श्पायखरश्टाट या लाल विटांच्या गोदामांच्या वस्तीत गालिच्यांचा मोठा व्यापार चालत आलाय. आता पुष्कळ गोदामांची ऑफिसं आणि संग्रहालयं झालीत, तरी काही व्यापारी टिकून आहेत. शनिवारी मी तिथे नुसता बघायला जातो, बायको याला व्यसन म्हणते.

मला सांगायचंय ते वेगळंच. तुर्कमानांचं सर्वांत सुंदर विणकाम जमिनीवर अंथरायचं नव्हतंच! ते तंबूत राहायचे, जमिनीवर बहुतेक नमद्याचं, म्हणजे न विणता दाबून केलेल्या लोकरीचं, जाड अंथरूण असायचं. गाठींचं काम व्हायचं ते तंबूच्या दाराचा पडदा, त्याला एन्सी म्हणतात, त्यासाठी. तंबूच्या लाकडी जाळीवर टांगायच्या मोठ्या पिशव्या, चुवाल. त्यातून छोट्या तोरबा. घोड्यावर टाकायची दुहेरी पिशवी, खुर्जीन. तंबूला आतून गुंडाळायचा पट्टा तर कित्येक मीटर लांब. कपाट, ट्रंक, दार, भिंत, सगळं लोकरीचं. मुक्काम हलवायचा की घडी घालून उंटावर.

आणि अस्मालिक. पाच कोनांचा तुकडा, वर टोक असलेला, जोडीनं विणलेला. योमुत नवरी लग्नात ज्या उंटावरून जायची त्याच्या दोन्ही कुशींवर हे बांधायचे. ते दिवसभर मिरवायचे आणि मग तंबूत टांगून ठेवायचे. मी पहिल्यांदा एक काचेमागे बघितला तेव्हा आत छोटे छोटे उंट विणलेले होते, रांगेनं, पाठीवर अंबारी घेतलेले. म्हणजे लग्नाच्या उंटाच्या अंगावर लग्नाच्या उंटांची मिरवणूक. जोडीतला दुसरा कुठे असेल कोण जाणे. बाजारात जोड्या फुटतात, दोन तुकड्यांचे दोन गिऱ्हाइकांकडून जास्त मिळतात.

सुईदोरा
हॅम्बुर्गवासी, हे वाचून मजा आली. मुली लहानपणापासून आईशेजारी बसून शिकायच्या, आणि चांगलं विणणारीला मागणी जास्त, सासरकडून मिळणारी रक्कमही जास्त. मागही कसा, तर जमिनीला समांतर, चार खुंट्या ठोकलेला. मुक्काम हलला तर गुंडाळून न्यायचा आणि पुढच्या गावी परत ताणायचा. जुन्या तुकड्यात मध्येच कड जरा आत-बाहेर झालेली दिसते ती त्यामुळेही.

मी स्वतः छोट्या मागावर गाठी मारते, म्हणून ताईंच्या गालिच्याचा हिशेब मांडते. चार बाय सहा म्हणजे २४ चौरस फूट, म्हणजे ३,४५६ चौरस इंच. इंचाला नऊ गुणिले अठरा, १६२ गाठी. एकूण ५,५९,८७२. सराईत हात दिवसाला आठेक हजार गाठी मारतो असं धरलं तर एका माणसाचे सत्तर दिवस. प्रत्येक ओळीनंतर बाणा घालून जड फणीनं ठोकायचं, वरचे केस कातरायचे, ते वेगळंच. माझा वेग सांगत नाही, लाज वाटते.

आता तुम्हीच बघा, हा गालिचा नव्वद हजारांचा नसेलही, पण दोनपाच हजारांतही तो पडू शकत नाही.

ताठ कणा
सत्तर दिवस कोणाचे, हेही विचारा. या धंद्यात लहान मुलांच्या बोटांचा किती वापर झालाय ते जगजाहीर आहे. भदोहीकडे कैलास सत्यार्थींनी केलेलं काम विसरलात का?

सुईदोरा
विसरलो नाही. त्यातूनच १९९४ मध्ये बालमजुरीविना विणलेल्या गालिच्यांसाठी रगमार्क हे लेबल सुरू झालं, आता त्याला गुडवीव्ह म्हणतात. नवीन गालिचा घेताना ते बघावंच. फक्त "लहान बोटांनीच बारीक गाठ बसते" ही समजूत खोटी आहे. सर्वांत बारीक काम मोठ्या, अनुभवी बायका-पुरुषांचंच असतं. ती समजूत पसरवणाऱ्यांना स्वस्त मजूर हवे असतात.

ताठ कणा
या मुद्द्यावर सहमत. तारीख लिहून ठेवा.

मिरचीभजी
लिहिली. फ्रेम करून लावतो.

ठाणे लोकल
अवांतर: तुर्कमेनिस्तानच्या झेंड्यावर उभ्या पट्ट्यात पाच गुल आहेत ना? प्रश्नमंजूषेत आलं होतं.

गंजिफा
हो. १९९२ पासून. तेक्के, योमुत, सारिक, चौदुर आणि एरसारी. सालोरांचा गुल त्यात नाही, आणि संग्राहक सर्वांत जास्त मागे धावतात ते सालोर गालिच्यांच्या. तिकडे गालिच्याची सरकारी सुट्टीही आहे, मे महिन्यातला शेवटचा रविवार. अश्गाबातला गालिच्यांचं संग्रहालय आहे. तिथे २००१ मध्ये विणलेला ३०१ चौरस मीटरचा गालिचा ठेवलाय, तो गिनीज बुकात नोंदला गेलाय. २०१९ मध्ये युनेस्कोनं तुर्कमेनिस्तानच्या गालिचाकलेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

मला स्वतःला तो ३०१ चौरस मीटरचा प्रकार रुचत नाही. तंबूच्या दाराला बसणारी कला, तिला मैदानाएवढं ताणून काय मिळवलं? सोव्हिएत काळात लेनिनचे चेहरे विणायला लावले, त्याच वळणाचं हे. गाठी उत्तम, पण ऑर्डर कोणाची आहे ते लांबून दिसतं.

मिरचीभजी
झेंड्यावर गालिचा. १५ ऑगस्टला त्यांच्या शाळेतली पोरं झेंड्याचं चित्र काढायला किती वर्षं घेत असतील?

ठाणे लोकल
त्यांचा १५ ऑगस्ट २७ सप्टेंबरला असतो. आणि एवढं चित्र पुरं होईपर्यंत पुढचा येत असेल.

माळावरचा
आम्ही धनगर. घरात घोंगडी विणायची, आजोबांचा माग अजून आहे. म्हणून लोकरीबद्दल बोलतो, बाकी मला कळत नाही.

आपली दख्खनी मेंढी भरड लोकरीची. तिची घोंगडी पावसाला उत्तम, पाणी आत येत नाही, पण अंगाला टोचते आणि तिच्यावर चकाकी येत नाही. चकाकी यायला लांब, चरबट, गुळगुळीत केसाची मेंढी लागते. थंड कोरड्या मुलखातल्या मेंढीची लोकर तशी असते. तिकडचा माणूस मेंढी बघून लोकर ओळखत असणार, आपण दुकानदाराचं तोंड बघून ओळखतो. ताईंनी गालिच्यावर तळहात फिरवावा. जिवंत लोकर हाताला किंचित तेलकट लागते. रासायनिक धुण्यानं चमकवलेली छान दिसते, पण कोरडी लागते. आणि कडेचं एक बारीक कुसळ काढून जाळा. केस जळल्याचा वास आला आणि राख चुरगळली तर लोकर. वितळून गोळी झाली तर प्लास्टिक.

निवांत दुपार
सगळ्यांचे मनापासून आभार. कुसळ जाळलं, केसाचाच वास आला (नवरा म्हणाला, गच्चीत तरी जायचं). केस फाकवून बघितले, बुडापासून टोकापर्यंत एकच लाल. हात फिरवला, मऊ आहे पण माळावरचा म्हणतात तसं तेलकट काही लागलं नाही.

आता पुढचा प्रश्न. तुर्कमान नाही हे कळलं. पण मला अजूनही आवडतोय. काय करू?

हॅम्बुर्गवासी
परत करा. वस्तू वाईट आहे म्हणून नाही, तर विकणारा तीन गोष्टी खोट्या बोलला म्हणून. वय, टोळी, रंग. इकडे लिलावात जुने पाकिस्तानी बुखारा मूळ किमतीच्या अगदी थोड्या भागात जातात, कारण ते अमाप निघाले. यात गुंतवणूक वगैरे अजिबात नाही.

गंजिफा
मी थोडा वेगळा विचार करतो. हा गालिचा बनावट नाही, त्याच्याबद्दलची कहाणी बनावट आहे. कहाणीचे पैसे देऊ नका, गालिच्याचे द्या. विक्रेत्याला शांतपणे सांगा: पावतीवर लिहा, "तुर्कमान, ऐंशी वर्षं जुना, नैसर्गिक रंग". तो लिहिणार नाही. मग म्हणा, तर मग जे खरं आहे ते लिहा आणि त्याची किंमत सांगा.

हेरातचा पाहुणा
आणि चहा पिऊ नका.

हॅम्बुर्गवासी
@गंजिफा, तत्त्वतः मला पटत नाही. खोटं बोलणाऱ्याला शेवटी गिऱ्हाईक मिळालंच ना? पण घर ताईंचं आहे.

ॲलिझरिन
ताईंना अस्सल तुर्कमान काहीतरी हवंच असेल तर मोठ्या गालिच्याचा हट्ट सोडावा. एखादी छोटी तोरबा, झिजलेली चालेल, ताणा लोकरीचा असलेली. भिंतीवर टांगा. सासूबाईंचाही प्रश्न मिटतो.

दख्खनी
आणि तुर्कमेनिस्तानला गेलात तर परस्पर बॅगेत घालून आणू नका. तिथून गालिचा बाहेर काढायला संग्रहालयाच्या तज्ज्ञांचं प्रमाणपत्र लागतं, जुने तुकडे तर सोडतच नाहीत. कर्नलच्या कथा ऐकून विमानतळावर अडकलेले लोक असतात.

मिरचीभजी
कोणता कर्नल?

दख्खनी
प्रत्येक जुन्या गालिच्यामागे एक कर्नल असतो. आजोबांच्या पलटणीतला.

निवांत दुपार
अपडेट. आज जाऊन आलो, गालिचा गाडीत घालूनच.

मी पावतीवर लिहायला सांगितलं. विक्रेत्यानं आधी हसून विषय बदलला, मग "मॅडम, हे धंद्यात लिहून देत नाहीत" म्हणाला. मग मी ताण्याचं आणि नऊ-अठराचं बोलले. नऊ-अठरा म्हटल्यावर त्याचा चेहराच बदलला, मला खुर्ची दिली. मग सरळ बोलला: माल भदोहीचा आहे, त्याच्या मामांच्या गोदामातला, वीसेक वर्षं पडून होता. प्रदर्शनात "भदोही" म्हटलं तर लोक पुढे जातात आणि "बुखारा" म्हटलं तर थांबतात, हेही त्यानंच सांगितलं. छत्तीस हजारांना ठरला. पावतीवर लिहून घेतलंय: हातगाठीचा, लोकर, सुती ताणा, बुखारा नक्षी, भदोही.

चहा आला होता. मी नाही प्यायले, नवऱ्यानं प्यायला.

हेरातचा पाहुणा
म्हणून छत्तीस. नाहीतर बत्तीस झाले असते.

सुईदोरा
छत्तीसला वाईट नाही. भदोहीच्या विणकराच्या सत्तर दिवसांना भदोहीचं नाव मिळालं हे मला जास्त आवडलं.

हॅम्बुर्गवासी
अभिनंदन. मी अजूनही माझ्या मतावर आहे.

निवांत दुपार
आता कसरीचं सांगा. ताठ कणांनी पहिल्याच दिवशी घाबरवून ठेवलंय.

सुईदोरा
कसरीला अंधार, धूळ आणि शांतता आवडते. सोफ्याखाली दबलेला कोपरा तिचं माहेर. म्हणून महिन्यातून एकदा उलटा करून पाठीवरूनही व्हॅक्यूम फिरवा, फिरता ब्रश न लावता. वर्षातून एकदा दिशा बदला, म्हणजे झीज आणि ऊन सगळीकडे सारखं. पावसाळ्यात गुंडाळून ठेवायचा असेल तर आधी पूर्ण सुकवा, मग सुती चादरीत, प्लास्टिकमध्ये नको. घडी तर नकोच, गुंडाळीच. आणि त्यावर कुंडी ठेवू नका. खालून ओल लागत राहिली की सुती ताणा कुजतो, वरून काही दिसत नाही, एक दिवस पाय ठेवला की टर्रकन फाटतो.

माळावरचा
आमच्याकडे घोंगड्यांत कडुलिंबाचा पाला ठेवतात. डांबरगोळ्यांचा वास जात नाही हो. पाला दर पावसाळ्याला बदलायचा, मागच्या वर्षीचा नुसता कचरा.

ॲलिझरिन
पाल्यानं कसर दूर राहते, आत घातलेली अंडी मरत नाहीत. लहान तुकडा असेल तर पिशवीत घट्ट बांधून डीप फ्रीजरमध्ये आठवडाभर. चार बाय सहाला मात्र फ्रीजर नाही, तिथे व्हॅक्यूम आणि ऊन. ऊन पाठीला द्या, तोंडाला नको.

काळा चहा
आजवर नुसता वाचत होते. आमच्याकडे आजोबांच्या वेळचा एक गालिचा आहे, येरवड्याच्या तुरुंगात विणलेला असं घरात सांगतात. लाल-निळा, कड झिजली आहे, पाठीला आडव्या अकरा गाठी येतात, ताणा सुती. विकायचा नाही, फक्त कळून घ्यायचंय. इथेच फोटो टाकू की नवीन धागा काढू?

गंजिफा
नवीन धागा काढा. पुणे, आग्रा, लाहोर, या तुरुंगांतलं गालिचा विणकाम हा स्वतंत्र विषय आहे, इथे हरवून जाईल. पाठीचा फोटो आधी, आणि कडेला काही अक्षरं किंवा आकडा विणलाय का ते बघा.

मिरचीभजी
तिकडेही रुमाल टाकतो.